अर्धी राहिलेली साक्ष

"बोलू नका. मशीन आयकून राहिली."

रविवारची उपासना संपली, की अमरावतीच्या आमच्या चर्चच्या व्हरांड्यात सिस्टर बीपीचं मशीन मांडून बसायच्या आणि दंडाला पट्टा बांधता बांधता हे वाक्य म्हणायच्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. मंडळीची आरोग्यसेवा म्हणजे त्या, ते मशीन आणि एक प्लॅस्टिकचं टेबल. दुखणं सांगायला आलेल्या माणसाला गप बसवणं किती अवघड, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण उपदेश करणारे आमचे पाळकसुद्धा त्या खुर्चीत मुकाट बसायचे. आठवड्यातून तेवढाच वेळ ते गप असतात, असं आम्ही म्हणायचो.

कुणी म्हणायचं, "सिस्टर, माह्यासाठी प्रार्थना करा."

"करीन ना. गोळी घेतली काय?"

फटकळ होत्या. लग्न का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

माझे वडील निवृत्त कंडक्टर. त्यांना साखरेचा जुना आजार, आणि जोडा लागून पायाला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. अशात शहरात आजाऱ्यांसाठी प्रार्थनासभा भरली. बाहेरगावच्या उपदेशकाने बाबांच्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या रविवारी बाबा चर्चमध्ये साक्षीला उभे राहिले. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं, याला आमच्यात साक्ष म्हणतात.

"प्रभूनं मले बरं केलं! गोळ्या मी नालीत फेकल्या!"

सगळ्यांनी 'हालेलुया' म्हटलं. सिस्टर तेवढ्या बाबांच्या पायाकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या घरी आल्या. पट्टी सोडून पाहिली. जखमेची कड काळी पडत चालली होती.

"भाऊ, गोळ्या सुरू करा आन् डॉक्टरकडे चला. नाही तं पाय जाईन."

"आता कसं घेऊ, सिस्टर? मंडळीसमोर साक्ष देली. गोळी घेतली तं ते खोटी पडते. देवाले खोटं पाडू काय मी?"

सगळं घोडं इथंच अडलं होतं. बाबांना मरणाची भीती नव्हती. आपल्या तोंडून देव खोटा ठरेल, ही भीती होती. आई रडली, मी भांडले, पण बाबा हलले नाहीत. सिस्टरनी वाद घातला नाही. जखम धुऊन बांधली आणि म्हणाल्या, "बुधवारच्या प्रार्थनेले या."

बुधवारी त्या स्वतःच साक्षीला उभ्या राहिल्या. आजवर कधी राहिल्या नव्हत्या.

"मले लहानपणापासून मिरगी हाय, झटके येतेत. कोणाले सांगतलं नाही. नोकरी जाईन, लोक अंगात भूत हाय म्हनतीन, म्हनून लपवलं. लग्नाले बी त्याच भेवानं नाही म्हनलं. मी रोज प्रार्थना करतो आन् रोज गोळी घेतो. देवानं मले त्या गोळीतूनच सांभाळलं. हे बी साक्षच हाय."

त्यांनी पर्समधून गोळी काढली आणि सगळ्यांदेखत पाण्यासोबत गिळली. मग बाबांकडे पाहिलं.

"भाऊ, तुमची साक्ष खोटी नाही. अर्धी राहिली. पुरी करा."

या वेळी कुणी 'हालेलुया' म्हटलं नाही. बाबा उठले. मला म्हणाले, "चाल बाई, दवाखान्यात."

एक बोट गेलं. पाय वाचला.

सिस्टरना मात्र ती साक्ष महागात पडली. ज्या घरांतल्या बाळंतिणींना त्यांनी आंघोळी घातल्या, त्यांतल्या काहींनी त्यांना बोलावणं बंद केलं. त्या लोकांचा मला अजून राग येतो. पण ती गोष्ट ऐकून पातूरकडची एक बाई आपल्या तरण्या मुलीला घेऊन आली. मिरगीमुळे घरात कोंडलेली मुलगी. ती सिस्टरजवळ बसून भडाभडा बोलत राहिली आणि सिस्टर ऐकत राहिल्या. तिला त्यांनी गप केलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सिस्टर झोपेतच गेल्या. जवळचं असं त्यांना कुणी नव्हतं. शवपेटी मंडळीतल्या माणसांनी उचलली. कबरस्तान लांब आणि ऊन रणरणतं, म्हणून मी बाबांसाठी ऑटो आणला होता.

"वापस पाठव त्याले," बाबा म्हणाले.

"बाबा, ऊन पाहा. पायाचं काय?"

"काहून, हा पाय कोणाचा हाय?" त्यांनी ऑटोकडे पाठ फिरवली. "तिले पोचवाले नाही चालला, तं ठेवला कायले?"

आणि ते लंगडत शवपेटीमागे चालू लागले.