मानपत्राचा जाळ

काल प्रयोगशाळेत गाळणकागद करपला आणि त्या वासाने मी थेट राजेश्वर गावातल्या आमच्या शाळेच्या पटांगणात पोचले. मी नववीत होते. वृद्ध हलगीवादक मल्लप्पांचा सत्कार होता. त्यांचे मानपत्र मी चार दिवस खपून सुवाच्य अक्षरात लिहिले होते. सत्कारानंतर त्यांची नात शरणम्मा प्रथमच लोकांपुढे वाजवणार होती. पण भाषणे लांबली आणि ढगाळ हवेत हलगीचे कातडे सैल पडले. तिचा पहिलाच ठोका भद्द निघाला.

“पोरीचं काम न्हाई ते!” मागून कोणीतरी ओरडले. शरणम्माचा हात थांबला.

मल्लप्पा शांतपणे व्यासपीठावरून खाली उतरले, त्यांनी मानपत्र पेटवले आणि त्या जाळावर हलगी शेकली.

“अप्पा, कामून जाळायलाव? मी लिवलंय की ते!” मी रडकुंडीला आले.

“मला वाचता येत न्हाई, माय. हिला वाजवता येतंय.”

पुढचा ठोका असा कडाडला की पटांगण गप्प झाले, आणि शरणम्मा वाजवतच राहिली.

उष्णतेने कातड्यातला ओलावा जाऊन ताण वाढतो, हे मी नंतर शिकले. तेव्हा तो जाळ मला माझा अपमान वाटला होता. आज माझे शोधनिबंध छापून येतात. पण इतके कामी आलेले दुसरे लेखन माझ्या हातून अजून झालेले नाही.