जाळीतली गार जागा

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, तेव्हाची गोष्ट. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, साहेब नवे, जिपा नव्या, पाणी मात्र टँकरचं. घराला लागूनच सासऱ्यांचं रेडिएटरचं दुकान. आधी ते भांड्यांना कल्हई करायचे. रस्त्यावर ट्रक वाढले तसे जाळ्या बनवायला लागले. कुणी शिकवलं नाही, जुन्या जाळ्या उकलून बघत बघत शिकले.

जाळी म्हणजे काय ते आधी सांगते. पितळेच्या चपट्या नळ्या उभ्या असतात, त्यांतून इंजिनाचं तापलेलं पाणी वाहतं. त्या नळ्यांवर तांब्याच्या पत्त्या ओवायच्या, कागदासारख्या पातळ, शेकड्यांनी. नळीतली ऊब पत्तीत यायची, पत्तीवरून वारा ती घेऊन जायचा. पण दोघींमध्ये केसाएवढी फट राहिली तरी ऊब तिथंच अडते आणि इंजिन उकळतं. म्हणून नळ्यांवर आधीच कथील-शिशाचा थर असायचा. अख्खी जाळी तेजाबात बुडवून भट्टीत ठेवली की ते कथील वितळायचं आणि आपणहून सांध्यात शिरायचं. खाली सांडायचं सोडून वर चढायचं, वातीत तेल चढतं तसं. पहिल्यांदा भट्टीच्या फटीतून ते बघितलं तेव्हा मी हातातली परात खाली ठेवायचंच विसरले. कुणी न ढकलता ते बरोबर जिथं जायचं तिथंच जात होतं.

त्या उन्हाळ्यात मुरुडकडच्या एका गावात बोअरची गाडी अडली. पहिलं बोअर कोरडं गेलेलं, दुसरं अर्ध्यावर असताना इंजिनाची जाळी फुटली. मद्रासकडचा ड्रायव्हर फुटकी जाळी घेऊन दुकानात आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, परवापर्यंत इंजिन चालू झालं नाही तर मालक गाडी दुसऱ्या गावाला नेणार. मग त्या गावानं प्यायचं काय, हे त्यानं सांगायची गरज नव्हती.

सासऱ्यांनी आणि आमच्या ह्यांनी नवी जाळी ओवायला घेतली. पत्त्या धुणं माझ्याकडं. तांब्याला कापायच्या यंत्राचं तेल लागलेलं असतं, ते निघालं नाही तर कथील धरत नाही. सासूबाईंनी एकच बादली दिली. पुरवलं मी. शेवटच्या पत्त्या धुताना पाणी ताकासारखं झालं होतं, वर तेलाचे डोळे तरंगत होते. मी त्यातच बुचकळून काढल्या. दुसरी बादली कुठल्या तोंडानं मागणार? त्या पत्त्या खालच्या टोकाला ओवल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी जाळी भट्टीतून निघाली, चांदीसारखी. तपासायची रीत अशी, की जाळी परातीत उभी धरायची, वरून नळ्यांत कढत पाणी सोडायचं आणि पत्त्यांवरून हाताची मागची बाजू फिरवायची. सासऱ्यांची बोटं कथलाचे डाग देऊन देऊन बधिर झालेली. हे काम सासूबाईंचं, पण त्या टँकरवर गेलेल्या. सासरे भिंतीकडं बघत म्हणाले, कुणीतरी हात लावा. कुणीतरी म्हणजे मी. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण सासऱ्यांशी मी कधी एक शब्द बोलले नव्हते. रीतच होती तशी.

ह्यांनी पाणी सोडलं. मी पदर सावरून हात ठेवला. काय सांगू, पाणी पडतं न पडतं तोच पत्त्यांची टोकं गरम. पाणी नळीत, मी पत्तीवर, आणि ती ऊब माझ्यापर्यंत कधी आली कळलंच नाही. हात खाली नेत गेले. गरम, गरम. मग चार बोटं रुंदीचा पट्टा गार.

माझा चेहरा बघून हे म्हणाले, "पाणी खाली जाता जाता निवतंच की. बांध जाळी."

ड्रायव्हर दोरी घेऊन पुढं झाला. मला वाटलं गप बसावं. पण ते अर्धवट बोअर डोळ्यांपुढून जाईना.

"मामंजी, हितं नळी गरम हाय, पत्ती गार हाय."

दुकानात सगळे थांबले. सासरे माझ्याकडं न बघताच म्हणाले, "उलटी करा जाळी."

उलटी केली, पुन्हा पाणी सोडलं. आता तो पट्टा वर होता, ताज्या कढत पाण्याच्या तोंडाशी, आणि तरी गारच. ह्यांनी हात लावून बघितला आणि मान खाली घातली. मग मी बादलीचं सगळं सांगून टाकलं.

सासरे रागावले नाहीत. म्हणाले, तेलानं सांधा धरू दिला नाही. गरम सोड्याचं पाणी, मग तेजाब, मग परत भट्टी. आणि शेवटी तेजाब धुवायला साफ पाणी, दोन घागरी तरी.

नेमक्या तेव्हाच सासूबाई दारात. डोक्यावर घागर, कमरेवर घागर, सकाळपासून रांगेत उभं राहून मिळालेल्या. ऐकून म्हणाल्या, "तीन वर्षांनी सासऱ्यापुढं तोंड उघडलं, अन् काय मागितलं तर माझं पाणी." पण घागरी त्यांनीच उतरवल्या, जाळीपाशी.

दुसऱ्यांदा जाळी भट्टीत होती तेव्हा सगळेच वाकून बघत होतो. त्या पट्ट्यात आधी काहीच हललं नाही. मग एका सांध्यात चकाकी आली, शेजारच्यात आली, आणि कथील ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर भरत गेलं. सासरे आयुष्यभर तेच बघत आले होते, पण त्यांनीही हात जोडले. ह्या वेळी हात सासूबाईंनी फिरवला, वरून खाली, खालून वर. कुठंच थांबला नाही.

जाळी नेल्यावर तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर पैसे द्यायला आला. इंजिन दिवस मावळेपर्यंत एकदाही उकळलं नाही म्हणाला. पाण्याचं तो सांगायच्या आधीच सासूबाई त्याच्या लुंगीकडं बघत होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल उडालेला. ओशाळून तो मागं सरला, तरी त्यांनी वाकून काठ चिमटीत धरला.

"ओला हाय," म्हणाल्या.