चांदी पान्हावेपर्यंत

देवपूजा आटोपली, नैवेद्य झाला, की मी वही घेऊन बसते. रोज चार ओळी. आज मात्र चार ओळींत भागायचं नाही, कारण बयाक्काबद्दल लिहायचं मनात आहे.

बयाक्का आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहते. साठी ओलांडलेली, आवाज असा की पलीकडच्या पेठेतला माणूस वळून बघेल. घरात पिढ्यान्‌पिढ्या म्हशी. दिवेलागणीला म्हैस धुऊन-पुसून चौकातल्या कट्ट्याजवळ उभी करायची आणि येईल त्याच्यासमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचा, हा तिचा धंदा. तालमीतली पोरं, दुकानं बंद करून निघालेली माणसं उभ्या उभ्या दूध पिऊन जातात. पहिली धार मात्र कुणाच्या पेल्यात पडत नाही. ती अंबाबाईच्या नावानं जमिनीवर.

दोन हजार एकवीसच्या पुराआधीच तिचं निम्मं घर रिकामं झालं होतं. नवरा गेलेला, दोन म्हशी त्याच्या दुखण्यात विकलेल्या. उरली होती चांदी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, नुकतीच व्यालेली. पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा बयाक्का तिला आणि रेडकाला घेऊन वरच्या अंगाला एका शाळेच्या मैदानात जाऊन राहिली. पाऊस काही थांबेना. रेडकू गारठलं आणि गेलंच.

पाणी ओसरल्यावर सगळे घरी आले, पण रेडकू समोर नाही म्हणून चांदी पान्हा सोडेना. कास भरलेली, आणि दूध निघायचं पेलाभर. असंच चाललं तर म्हैस आटणार, आणि ती आटली की कट्टा संपला, हे सगळ्यांना दिसत होतं.

बयाक्काचा मुलगा सम्राट फौंड्रीत कामाला आहे. तो म्हणाला, "आई, वळखीचा एक व्यापारी हाय. गणपती बसंस्तोवर वाट बघू, न्हायतर देऊन टाकू. मी मिळवतोय की. तुला काय कमी हाय?"

"मला कमी न्हाय रं," बयाक्का म्हणाली. "पर कट्ट्यावर न्हाय गेलं, तर सांजचं मी करू काय? तुजं तोंड बघत बसू?"

समोरच्या बाळासोंची म्हैस पुरात दगावली होती, तिचं रेडकू तेवढं वाचलं होतं. ते घेऊन बाळासो दारात आले. "बयाक्का, ह्याला आई न्हाय आन् तुज्या म्हशीला लेकरू न्हाय. बघ जुळतंय का. न्हाय जुळलं तर परत न्हेतो, तुला काय लगीन लावून देत न्हाय."

बयाक्काला हुरूप आला. चांदीचं रेडकू ज्या पोत्यावर झोपायचं, ते तिनं मैदानावरून गुंडाळून आणलं होतं. तेच या रेडकाच्या पाठीवर बांधलं की वासानं चांदी त्याला चाटेल, असा तिचा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधायचं ठरलं.

आणि सकाळी बघतात तर पोतं तारेवर वाळत घातलेलं! सून वर्षाराणीनं पहाटे उठून ते धुतलं होतं. तिला तरी काय बोलायचं? पुरानंतर आम्ही सगळ्याच बायका घरात दिसेल ते फिनेलनं धूत होतो. नेसरी गावची पोर, लग्नाला वर्ष झालेलं. सासूला बरं वाटावं म्हणून घासून घासून धुतलेलं.

बयाक्कानं पोतं नाकाला लावलं. "अगं बया! ह्याला तर दवाखान्यागत वास मारतोय!"

वर्षाराणी रडायलाच लागली. आम्ही शेजारणी दारादारांत उभ्या. आता सुनेची धडगत नाही, असंच वाटलं. पण बयाक्का म्हणाली, "रडतीस कशाला? पोतं गेलंय, म्हस हाय की अजून. जा, मीठ आन् भिजवलेली पेंड आन."

मीठ-पेंड रेडकाच्या पाठीला चोळून त्याला चांदीपुढं उभं केलं. चांदीनं एक लाथ अशी झाडली की रेडकू बाळासोंच्या पायात येऊन पडलं. त्या दिवसापासून पेंड चोळायचं काम वर्षाराणीनं घेतलं, आणि हाच क्रम. सकाळी चोळायचं, लाथ खायची. संध्याकाळी चोळायचं, लाथ खायची. रेडकाला बाटलीनं दूधही तीच पाजायची. आणि दिवेलागणीला बयाक्का चांदीला धुऊन, हळदकुंकू लावून, रेडकासकट कट्ट्यावर नेऊन बसायचीच.

"आक्का, दूध न्हाय तर म्हस कशाला आनलीया? फोटू काढाय?" तालमीतली पोरं विचारायची.

"तुज्यापरास बरा येतोय तिचा फोटू," बयाक्का म्हणायची.

एकदा मीच म्हटलं, "आक्का, निघतंय पेलाभर, त्यातलीही पहिली धार भुईवर?"

"वैनी, भरपूर हुतं तवा दिलं, आता हात आखडू व्हय? अंबाबाई बघतीया."

एवढं म्हणून तिनं सडाला हात घातला. मला देवळात रोज जाऊनही इतकं स्वस्थ बसता येत नाही, हे खरं.

गणपती बसले. सम्राटनं व्यापाऱ्याचा विषय काढला. बयाक्काच्या आधी बोलली ती वर्षाराणी. "गौरी जाऊ द्यात की. माहेरवाशीण घरात असताना दारातली म्हस कोण घालवतंय का?" सम्राटनं फोन परत खिशात ठेवला.

गौरीजेवणाच्या दिवशी मी पुरणपोळीचा नैवेद्य द्यायला गेले, तर सासू-सून कट्ट्यावर. वर्षाराणीनं रेडकाच्या पाठीला पेंड चोळली आणि ती सवयीनं बाजूला सरकली. लाथ आलीच नाही. चांदीनं मान खाली घातली, हुंगलं, आणि खरखरीत जिभेनं पाठ चाटायला लागली. पेंड संपली तरी चाटतच होती. बयाक्कानं कासेला हात लावला आणि ओरडली, "आगं, पान्हावली की गं! पेला, पेला आन!"

पहिली धार अंबाबाईला. मग फेसानं काठोकाठ भरलेला पेला तिनं सुनेपुढं धरला.

"मला कच्चं दूध जमत न्हाय, आत्या," वर्षाराणी म्हणाली.

"लाथा कुनी खाल्ल्या? मग दूध पन तूच प्यायचं."

पोरीनं डोळे मिटून सगळा पेला रिकामा केला. एवढ्यात सम्राट कामावरून आला. समोरचं बघून कानकोंडा झाला आणि म्हणाला, "आई, मग त्या व्यापाऱ्याला फोन करू नगं न्हवं?"

"कर की," बयाक्का पुढचा पेला भरत म्हणाली. "दूध प्यायला बोलीव त्याला."