घराचं वय

सिस्टरना एका लेआउटवाल्याने फसवलं. झुडपी जंगलाची जागा त्याने प्लॉट पाडून विकली, आणि तीस वर्षं पोटाला चिमटा घेऊन पैसा राखलेल्या बाईच्या हातात रजिस्ट्रीचा एक कागद तेवढा राहिला. हे आधीच सांगून टाकतो, मला गोल गोल बोलता येत नाही. सिस्टरना त्या लेआउटवर नेणारा माणूस मीच, हेही सांगून टाकतो. राग मला येतोच, तो गावाला माहीत आहे. पण रागाहून जास्त मला एका गोष्टीचं नवल वाटत आलं आहे. जी बाई उभ्या आयुष्यात एकाही घराला भुलली नाही, ती भुललीच कशी?

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. आलापल्लीला माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याच्या मागे दोन खोल्या. त्या खोल्यांत सिस्टर अकरा वर्षं किरायाने राहिल्या. पहिल्यांदा खोल्या पाहायला आल्या तेव्हा पाणी कधी येतं, संडास कुठे, असलं काही विचारलं नाही. भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, हे इकाचं म्हटलं तं कितीले जाईन?"

मी म्हटलं, "इकायचं नाई."

"इकू नोका. पन जाईन कितीले?"

मी छाती फुगवून जागेसकट पंधरा लाख सांगितले. "आन् किराया?" अडीच हजार. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाल्या, "म्हंजे पन्नास वर्षांचं आहे तुमचं घर."

मी भडकलो. घर बांधून चार वर्षं झाली नव्हती, अजून रंगाचा वास जात नव्हता. त्या हसल्या नाहीत की घाबरल्या नाहीत. शांतपणे समजावून सांगितलं. घराची किंमत जितक्या वर्षांच्या किरायात निघते, ते त्या घराचं वय. "वीस वर्षांचं घर असन तं घ्यावं. तीसचं असन तं इचार करावा. पन्नासचं असन तं त्यात किरायानं राहावं, मालकाच्या जिवावर." असं म्हणून सामान आणायला गेल्या. मी सिमेंटच्या गोण्या पाठीवर वाहून दुकानाचा मालक झालेला माणूस. माझं घर पन्नास वर्षांचं म्हणणाऱ्या बाईला खोल्या का दिल्या, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक पुढे काय बोलते ते ऐकायचं होतं.

ही सवय सगळीकडे चालायची. गृहप्रवेशाच्या पंगतीत बसल्या तरी शेजारणीला हळूच विचारत, "किरायानं देल्लं तं किती येईन याचं?" घरमालकीण कौतुकाने फरशी दाखवत असायची आणि या मनात भागाकार करत असायच्या. एकदा अहेरीला एका ठेकेदाराच्या तीन मजली बंगल्यात लस द्यायला गेल्या. परत आल्यावर मी विचारलं, कसा आहे बंगला? "शंभरच्या वर," म्हणाल्या. "अशा घराले डॉक्टर दाखवाव लागते."

दर वर्षी दिवाळीनंतर आमची किरायाची लढाई होई. गिऱ्हाइकाला मी एका खिळ्यावरही सोडत नाही, आणि माझा आवाज वनविभागाच्या डेपोपर्यंत जातो. सिस्टर दुकानातल्या स्टुलावर बसत, चहा घेत आणि मला बोलू देत. महागाई, घरपट्टी, लोखंडाचे भाव, सगळं माझं ओरडून झालं की कप खाली ठेवत. "झालं बोलून? आता आकडा सांगा." मी आकडा सांगितला की त्या तीनच गोष्टी बोलत. छत कुठे गळतं, कोणती खिडकी लागत नाही, आणि अकरा महिन्यांत एक दिवस तरी किराया उशिरा दिला का. मी पाचशे मागून शंभरावर येई. माझ्या दुकानात मला हरवून गेलेलं दुसरं माणूस मला आठवत नाही. गंमत अशी की हरल्यावर मला बरं वाटायचं.

त्या पैसा ठेवत बँकेत आणि पोस्टात, मुदतीच्या ठेवीत. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, मूलबाळ नाही, धाकटी बहीण चंद्रपूरला. बहिणीच्या मुलांची शिक्षणं करून उरेल ते ठेवीत. व्याज दर वर्षी खाली येई आणि सिस्टरना त्याचं दुःख होण्याऐवजी कुतूहल वाटे. एकदा बँकेने घरकर्जाचा मेळावा भरवला. मांडव, चहा, कर्ज मिळालेल्यांच्या गळ्यात हार, फोटो. त्याच दिवशी सिस्टर ठेव नवी करायला रांगेत उभ्या. मी सळाखीच्या उधारीचे पैसे भरायला तिथेच होतो. त्यांनी मॅनेजरला गाठलं.

"साहेब, ह्या लोकाईले देल्ले ते पैसे कोनाचे?"

"बँकेचे, मॅडम."

"आन् बँकेले कोनं देल्ले?"

मॅनेजर हसला. "तुमच्यासारख्या ठेवीदारांनीच की."

"मंग हार त्याइले आन् रांग मले, असं काऊन?"

मॅनेजर चांगला माणूस होता, त्याने त्यांना खुर्ची दिली. हार मात्र दिला नाही. परतताना सिस्टर मला म्हणाल्या, "भाऊ, या देशात कर्ज काढनारा पोरगा लाडाचा आहे. जमा करनाऱ्यानं फक्त सही करावी आन् घरी जावं." त्यांना सरकारचा राग नव्हता. सरकार असं का वागतं, याचा त्या रोग्याच्या तापासारखा शोध घेत.

निवडणुकीत प्रचाराची माणसं गल्लीत आली की आधी विचारत, घर तुमचं का? सिस्टर म्हणत, किरायाचं. मग नाव कोणत्या यादीत? नाव दुसऱ्या गावच्या यादीत, कारण बदल्या. की ती माणसं हात जोडून पुढच्या दाराकडे. एका वर्षी सिस्टरनी त्यांतल्या एकाला हाक मारून परत बोलावलं.

"दादा, घरकुल घरवाल्याले. पट्टा जागेवाल्याले. कर्जावरची सूट कर्जवाल्याले. किरायेदाराले काय आहे तुमच्या कागदात?"

त्याने कागद उलटासुलटा केला. "बाई, किरायेदार म्हंजे गावचा पाव्हना. पाव्हन्याले काय द्याचं?"

"सत्तावीस वर्षांपासून पाव्हनी आहे मी या जिल्ह्यात. एक डाव जेवाले तरी बोलवा!"

सगळे हसले, तोही हसला, आणि पुढे गेला. रात्रीच्या भाकरीइतकी साधी गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी सांगितली. पुढच्या निवडणुकीपर्यंत ज्याची बदली होणार, त्याच्यासाठी कोण कशाला राजकारण करेल?

मग डोंगरातून लोखंड निघू लागलं. रस्त्याने ट्रकच्या रांगा लागल्या आणि ज्या माळावर कोणी बकरी बांधली नसती तिथे रंगीत झेंडे रोवले गेले. आज घेतलं नाही तर उद्या दिसणार नाही, असं जो तो म्हणू लागला. मीही म्हणू लागलो, माझं सिमेंट खपत होतं. सिस्टर रस्त्याकडे बघत विचारायच्या, "ट्रक तं लोखंड घेऊन जाऊन राह्यले. मंग इथी भाव कोन आनून टाकून राह्यलं?"

अशी बाई. तिला प्लॉट घ्यायला लावला तो माझ्या एका वाक्याने. पोराचं लग्न ठरलं आणि मला खोल्या हव्या झाल्या. सिस्टरची निवृत्ती वर्षावर आली होती. मी म्हटलं, खोल्या लागतील, पण निवृत्तीपर्यंत राहा, सावकाश पाहा. त्या "हो भाऊ" म्हणाल्या आणि खोली शोधायला निघाल्या. पगार, वेळेवर किराया, दहा वर्षांची माझी ग्वाही, सगळं होतं. तरी चार महिन्यांत सात घरमालकांनी नाही म्हटलं. कोणी तोंडावर, कोणी भाच्याला खोली लागणार असं सांगून. एका बाईने खरं ते सांगितलं, "तुमी चांगल्या हा हो. पन एकट्या हा, वय झालं. उद्या बिमार पडल्या तं आमी पाहाव का?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या आजारपणात उशाशी बसलेली बाई हे ऐकून आली. दुकानात स्टुलावर बसली. मग म्हणाली, "भाऊ, माह्या हिशोबात घराचं वय होतं. किरायेदाराचं नोतं."

मला ते सहन झालं नाही. खोल्या मी काढून घेतल्या होत्या, तर घर मी मिळवून देईन, असं मनात धरलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण प्रकरण कोर्टात आहे. जिल्ह्याच्या रस्त्यावर एक नवं लेआउट पडलं होतं. मी स्वतःसाठी एक प्लॉट आणि सिस्टरसाठी शेजारचा, असा जोडसौदा करायला त्यांना गाडीत घालून नेलं. लेआउटवाला पांढऱ्या बुटांत उभा होता. फुटाचा भाव त्याने नऊशे सांगितला. माझ्या अंगात आलं. रस्ता कच्चा, विजेचा खांब लांब, गिऱ्हाईक नगदी, मी मोजत गेलो आणि तो उतरत गेला. आठशे. सातशे. साडेसहाशेवर अडला.

सिस्टर तोवर झेंड्यांपलीकडच्या पळसांकडे पाहत होत्या. अचानक लेआउटवाल्याला म्हणाल्या, "पह्यले काय होतं जी इथी? मी नवी नोकरीले लागली तवा पोलिओचे डोस घेऊन याच रस्त्यानं जात होती. इथी तं गावची ढोरं चरत. वावर तं कोनाचंच नोतं."

मी हात वर केला. "सिस्टर, सौदा चालू आहे. मधात बोलू नोका."

त्या पुन्हा पळसांकडे वळल्या. आणि लेआउटवाला लगेच म्हणाला, "चला भाऊ, तुमच्यासाठी सहाशे. शेवटचं." एका दमात पन्नास रुपये खाली आला. मी त्याच्या हातावर टाळी दिली. गाडीत येताना मी चारदा सांगितलं, बघा कसा पाडला. मला वाटलं माणूस माझ्या आवाजाला घाबरला. तो घाबरला होता सिस्टरच्या प्रश्नाला.

सिस्टरनी ठेवी मोडल्या. रजिस्ट्रीच्या कचेरीत फोटो निघाला, अंगठा झाला, सरकारची फी भरली, मंजुरीचा शिक्का मारलेला नकाशा हातात आला. निवृत्त झाल्यावर दोन खोल्यांचं बांधकाम काढायचं म्हणून परवानगी मागायला कचेरीत गेलो, तेव्हा तिथल्या बाबूने जुनं दप्तर काढून दाखवलं. झुडपी जंगल. कागदावर जंगल, डोळ्यांना माळ, आणि बांधायला मनाई. पंधरा दिवसांत तिथे तसा फलकही लागला.

मी टेबलांवर हात आपटत फिरलो. नोंदणीवाले म्हणाले, आम्ही दस्त नोंदवतो, जागा कोणाची ते तपासत नाही. शिक्का ज्यांचा होता ते म्हणाले, तेव्हाचे साहेब बदलून गेले. लेआउटवाला पळालाही नाही. दुसऱ्या तालुक्यात नवे झेंडे लावून बसला आहे. मी गेलो तर पाणी विचारलं आणि म्हणाला, "रजिस्ट्री सरकारनं केली भाऊ, सरकारले इचारा." त्याची कॉलर धरली, तर तक्रार माझ्यावर झाली.

माझा एक प्लॉट बुडाला. मला दुकान आहे, मी दोन वर्षांत उभा राहीन. सिस्टरचं म्हातारपण बुडालं. त्या एक दिवस दुकानात आल्या, त्याच स्टुलावर बसल्या. मला वाटलं रडतील, शिव्या देतील, आणि मी दोन्हीची तयारी ठेवली होती. त्यांनी नुसतं विचारलं, "भाऊ, मी इचारलं होतं नं. मले चूप काऊन केलं तुमी?"

आवाजात राग नव्हता. खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी चहा सांगितला. त्या चहा पिऊन उठल्या आणि आठवड्यात चंद्रपूरला गेल्या.

सिस्टर आता धाकट्या बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहतात. दर महिन्याला तिच्या हातावर किराया ठेवतात. बहीण आधी रडायची, आता भांडते. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा माझ्यासमोरच भांडण झालं. "सख्ख्या बहिनीले किराया देते हे येडी!" धाकटी म्हणाली. सिस्टर पाण्याचा गिलास माझ्यापुढे ठेवत बोलल्या, "किराया देल्ला का नळावर आपला नंबर आपला राहते." पेपरात व्याजदर कमी झाल्याची बातमी होती, ती त्यांनी मला वाचून दाखवली आणि विचारलं, यातून फायदा नेमका कोणाचा होईल? दोन तास आम्ही त्यावर बोललो. प्लॉटचा शब्द त्यांनी काढला नाही. मीही नाही. येताना त्यांनी रस्त्यापर्यंत सोबत केली आणि बस सुटेपर्यंत उभ्या राहिल्या.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडाने देता आलं नाही, म्हणून इथे देतो. सिस्टर, मी तुम्हाला गप्प केलं कारण मला भाव पाडायचा होता. भावापुढे मला जमीन दिसली नाही. चूक माझी.

माझा हिस्सा मी उचलला. आता बाकीच्यांनी उचलावा. लेआउटवाल्या, ढोरं कोणाच्या जागेवर चरत होती हे तुला माहीत होतं की नव्हतं? ज्या साहेबांनी त्या नकाशावर शिक्का मारला, ते बदली होऊन जिथे असतील तिथून सांगा, जागा पाहिली होती का? आणि जंगलाच्या जमिनीच्या सौद्यावर ज्यांनी फी मोजून घेतली, पावती दिली, फोटो काढला, ते सांगा, ती फी कशाची होती? सिस्टर हयात आहेत. चंद्रपूरला आहेत. पत्ता माझ्याकडे आहे. मला उत्तर नको. त्यांच्या दारात जा, त्यांच्यासमोर बसा आणि त्यांना उत्तर द्या.