स्वेटरच्या आत

काल मुलीच्या वाढदिवसाला आइस्क्रीम आलं. थर्माकोलच्या डब्याचं झाकण उघडताना करकर आवाज झाला आणि माझे हात तिथंच थांबले.

राळेगावच्या दवाखान्यातली ती हिवाळ्यातली सकाळ. माझ्या पाठच्या भावंडाच्या बाळंतपणात खूप रक्त गेल्यानं आई पांढरीफटक पडली होती, चादरींखाली कुडकुडत होती. बाबा यवतमाळहून रक्ताची पिशवी घेऊन एसटीनं आले. बर्फ भरलेला असाच थर्माकोलचा डबा त्यांच्या हातात होता, पण पिशवी त्यांनी स्वेटरच्या आतून, पोटापासून काढली.

सिस्टरनं पिशवीला हात लावला. "भाऊ, हे डब्याच्या बाहेर कायले काढलं?"

"तिले आधीच थंडी वाजून राह्यली. बर्फावानी रक्त कसं द्याचं? रस्ताभर उबवत आणलं म्या." मोठं काम केल्यासारखे बाबा बोलले.

"देईपर्यंत थंडच राह्यलं पाहिजे, भाऊ. असं गरम झालं का त्यात जंतू वाढतात. आता हे नाही चालत."

तिनं पिशवी बाजूला ठेवली. दुसरी आणायला माणूस गेला. ती बर्फातच आली, पण तोवर आई गेली होती.

मला रडू आलं नाही. आजही येत नाही. तेव्हा मला फक्त वाया गेलेली पिशवी दिसली होती. आता बाबांचं गारठून लाल झालेलं पोट दिसतं.

आईला घरी आणलं, तेव्हा बाबांनी अंगातला तो स्वेटर काढला आणि तिच्या पायांवर घातला.