मौद्याचा शिक्का

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ गिरणीत कामाला होते. घरी आल्यावर ते आधी सायकलची साखळी पुसत, मग स्वतःचे तोंड. काहीही विचारले तरी "होते न, मास्तर" एवढेच उत्तर मिळे.

एका जानेवारीत, गारांच्या पावसात, नागपूर ते मौदा आणि परत अशी हौशी सायकलस्पर्धा झाली. मौद्याला वळणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर शाईचा शिक्का मारण्याचे काम माझ्याकडे होते. पहिला शिक्का मी यांनाच मारला. नागपुरातही हेच पहिले पोचले. पण पावसाने शाई धुऊन नेली होती. मंडपाबाहेर पाऊलही न टाकलेल्या पंचांनी त्यांना बाद ठरवून ढाल एका रेनकोटवाल्याला दिली. मी मागाहून पोचून साक्ष दिली, तर म्हणाले, "गुरुजी, शिक्का दाखवा." ज्याला नियमाचा हेतू कळत नाही, त्याच्या हाती नियम देऊ नये, हे माझे मत आजही कायम आहे.

"काहून भांडून राहिले, मास्तर?" एवढेच बोलून ते साखळी पुसू लागले.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या सकाळी त्यांनी पंचांच्या टेबलावर मनगट ठेवले. गोंदणारणीकडून त्यांनी तोच गोल शिक्का हिरवा गोंदवून घेतला होता.

"घ्या साहेब, आता पुसा."

एका पंचाने तो खरोखरच बोटाने घासून पाहिला.