सव्वापाचची आठवण

रुपरावजी गावंड्यांना माझा कॉम्प्युटर पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही रुपरावजी आवडले नव्हते.

१९८७ साली मी लकडगंजातल्या एका सागवानाच्या वखारीत ऑपरेटर म्हणून लागले. वय बावीस, सीताबर्डीवरच्या एका क्लासचं सहा महिन्यांचं सर्टिफिकेट आणि डोक्यात भरपूर हवा. शेठच्या पुतण्यानं बिलं करायला मुंबईहून कॉम्प्युटर आणला होता. फ्लॉपीच्या दोन खाचा, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. बिलांच्या फ्लॉपीबरोबर आणखी एक फ्लॉपी आली होती, तिच्यात कॅलेंडरचा छोटासा प्रोग्रॅम. सकाळी एकदा चालू केला की तो दिसेनासा व्हायचा. समोर मी बिलं करत असायची आणि तो मागे मेमरीत मुकाट बसून राहायचा. नेमून दिलेली वेळ झाली की ‘पीं’ करून वाजायचा आणि कोपऱ्यात चौकोन उघडून आपण लिहिलेली ओळ दाखवायचा. बटण दाबलं की चौकोन गायब, बिल पुन्हा जिथल्या तिथे. मला त्याचं फार कौतुक. येईल त्याला दाखवायची.

रुपरावजींनाही दाखवला. ते वखारीत एकतीस वर्षं होते. बल्लारशा, आलापल्ली, कुठल्या डेपोत लाकडाचा लिलाव कधी, कुठल्या ट्रकचा जंगलखात्याचा पास कधी संपतो, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ. डायरी ठेवत नसत. शेठसुद्धा कॅलेंडरकडे न बघता “रुपरावजी, मंगळवारी काय आहे?” असं ओरडून विचारायचे. मी मशीन चालू केलं तेव्हा ते मागे हात बांधून उभे होते. त्या मशीनला स्वतःचं घड्याळ नव्हतं. रोज सकाळी ते आधी तारीख विचारायचं, तीही महिना पुढे आणि दिवस मागे अशा उलट्या रीतीनं.

“हे काय विचारून राहिलं?” त्यांनी मला विचारलं.

“आजची तारीख.”

“म्हणजे याले आजची तारीख आपण सांगाची, अन् मंग हे आपल्याले आठवण देणार?” ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. “बाप्पा! याच्यापेक्षा आमचा पानठेलेवाला हुशार हाय.”

मला इतका राग आला की महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

पानठेलेवाला हा त्यांच्या रोजच्या आयुष्यातला मोठा माणूस. संध्याकाळी सुटताना ते वखारीसमोरच्या ठेल्यावरून दोन विडे बांधून घेत. एक स्वतःचा, दुसरा बायकोचा. बायको जयवंताबाई रामटेकच्या, त्यामुळे पान रामटेकचंच, कपुरी, आणि चुना अगदी नावाला, कारण तिचं तोंड यायचं. चुना जास्त लागला तर विडा परत करत. पुडा खिशात ठेवून नंदनवनपर्यंत चालत जायचे, चांगली चाळीस मिनिटं. घरी मुलगा केशव, सून गोपिका, दोन नातवंडं. पण दारातून हाक एकीलाच. “जया, पान आणलं वं!”

त्या वर्षी दिवाळीनंतर जयवंताबाई काविळीनं गेल्या. पंधरा दिवसांत खेळ आटोपला. रुपरावजी चौदाव्या दिवशी कामावर आले, पूर्वीसारखेच बोलू लागले. आम्ही म्हटलं, माणूस खंबीर आहे. काय कळतं आपल्याला माणसाचं!

फेब्रुवारीत आमचा एक ट्रक जंगलखात्याच्या नाक्यावर अडकला. पास संपून दोन दिवस झाले होते. शेठनं सगळ्यांसमोर मला फैलावर घेतलं, की इतकं महागाचं मशीन आणून उपयोग काय, तुला साधी तारीख घालता येत नाही का. ती तारीख मला कुणी दिलीच नव्हती. मी रुपरावजींकडे पाहिलं, ते टेबलावरची टाचणी उचलत होते. मी संडासात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी ते माझ्या टेबलापाशी स्टूल ओढून बसले.

“काल तुले माह्यामुळं ऐकावं लागलं वं पोरी. तारीख मलेच नाही आठवली. अन् हे पहिल्यांदा नाही झालं. दोन महिने झाले, माह्या डोक्यातून सगळं निसटून राहिलं.”

“मग शेठला सांगा. डॉक्टरला दाखवा.”

“डॉक्टरले दाखवलं. तो म्हणते, हे वाढतच जाईन. शेठले सांगितलं तर ते मले घरी बसवतीन. घरी बसलो तर मी पुराच जाईन. तिथं तिचीच भांडी, तिचाच पाट.” मग मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, “याच्यात टाकून ठेव. कोणाले कळू देऊ नको.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. ज्या माणसानं मशीनला हसून ठसका लावून घेतला, तो त्याच मशीनच्या पाया पडल्यासारखा बसला होता. मला ते बघवलं नाही.

त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. पत्र आलं की त्यातली तारीख ते लगेच मला सांगायचे, मी ती आत टाकायची. वेळ झाली की ‘पीं’. मागे दिवसभर लाकूड चिरायचा आरा चालायचा, त्या घरघरीत तो आवाज माझ्याखेरीज कुणाला ऐकूच जायचा नाही. मी चिठ्ठी लिहून फाइलीत घालायची आणि फाइल त्यांच्या टेबलावर ठेवून यायची. ते चिठ्ठी वाचायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, “शेठजी, परवा आलापल्लीचा लिलाव हाय, माणूस पाठवा!” शेठ मान डोलवायचे. लाइन गेली की मशीन सगळं विसरायचं. लाइन आली की मी जेवणाचा डबा सोडून धावायची, आधी तारीख-वेळ, मग कॅलेंडर, मग बिलं. सहा महिन्यांत एक तारीख चुकली नाही. इतका अभिमान मला माझ्या सर्टिफिकेटचाही नव्हता.

ऑगस्टमध्ये एके सकाळी ते आले ते थेट माझ्याकडे. खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत वाळलेले विडे होते, आठ-नऊ.

“उशीखाली सापडले,” ते म्हणाले. “मी रोज दोन आणून राहिलो, शामला. रोज घरी जाऊन तिले हाक मारून राहिलो. गोपिका मले रोज सांगते, की बाबा, आई गेली. मी रोज नव्यानं रडतो. लेकरं भितात. पोरगी बिचारी कंटाळली असन, पण बोलत नाही.” त्यांनी रुमालाची घडी घातली. “आज डोकं साफ हाय, म्हणून सांगून राहिलो. एक रोजची टाक. सव्वापाचले.”

“काय लिहू?”

“लिही, जयवंता वारली.”

मी म्हटलं, हे असलं मशीनमध्ये घालत नसतात. हे मी नाही करणार. दुसऱ्या कुणाला सांगा.

“दुसरं कोण हाय मले? ऐक. इथं कळलं तर नंदनवन येईस्तोवर माहं रडणं होऊन जाईन. चाळीस मिनिटं पुरतात. घरात कोरडा जाईन. त्या पोरीवरची रोजची पाळी तरी टळन.”

मी इंग्रजी अक्षरांत ती ओळ लिहिली. त्यांनी वाकून एकेक अक्षर वाचलं आणि बरोबर आहे म्हणाले.

आरा पाचला बंद व्हायचा, त्यामुळे सव्वापाचचा ‘पीं’ मात्र अख्ख्या ऑफिसला ऐकू जायचा. कुणी विचारलं तेव्हा मी सांगितलं, सुटायची वेळ कळावी म्हणून लावलाय. झालं, सगळे त्या आवाजावर डबे आवरू लागले, चपला शोधू लागले. “शामलाची घंटा झाली” म्हणायचे. त्या गडबडीत मी रुपरावजींच्या टेबलाशी जायची, वाकायची आणि हळूच सांगायची. चिठ्ठी नको म्हणाले होते. चिठ्ठी राहून जाते खिशात.

कधी ते म्हणायचे, “माहीत हाय वं,” आणि मला सुटल्यासारखं व्हायचं. कधी नुसतं बघत राहायचे. आधी ऐकू आलं नाही असा चेहरा, मग ओठ हलायचे, मग पिशवी उचलून, कुणाकडे न बघता बाहेर. एकदा विचारलं, “कधी?” एकदा चिडले, “अशी मस्करी करतात काय?” तेव्हा मी त्यांना मशीनपाशी नेऊन चौकोन दाखवला. त्यात ती ओळ बघितल्यावर ते पिशवी उचलून निघाले. स्वतःच्या डोक्यापेक्षा त्यांचा त्या चौकोनावर विश्वास होता, आणि चौकोनापेक्षा माझ्यावर.

बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीनं रोज एका म्हाताऱ्या माणसाला त्याची बायको मेल्याचं सांगायचं. दुपारी चार वाजले की माझं लक्ष बिलांवरून घड्याळाकडे जायचं. रविवारी वखार बंद असायची, त्या दिवशी ते घराबाहेर पडत नसत, पान आणत नसत, म्हणून निभायचं. मला मात्र रविवारीही सव्वापाच कळायचे.

नोव्हेंबरातली गोष्ट. त्या दिवशी ते फार खुशीत होते. रामटेकहून एक गाडीवाला आला होता, त्यानं त्यांना कपुरी पानांची जुडी दिली होती. साडेचारला ती जुडी घेऊन ते माझ्याकडे आले, स्टूलवर बसले आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची हकिगत सांगू लागले. जयवंताबाईंनी त्यांच्यावर रुसून पान सोडलं होतं, पाच दिवस, आणि सहाव्या दिवशी ह्यांच्याच खिशातला विडा चोरून खाल्ला. ओठ लाल, आणि म्हणते कशी, मी नाही खाल्लं! सांगताना ते गदगदून हसत होते. वर्षभरात मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

सव्वापाचला वाजलं. सगळे उठले. मी बटण दाबलं, चौकोन गेला. मी जागची हलले नाही.

एकच दिवस, मी स्वतःला म्हटलं. एक दिवस हसत जाऊ दे त्यांना. ते ठेल्यावर थांबले, विडे बांधून घेतले, आणि रस्त्याला लागले ते अगदी भराभर. खिडकीतून बघताना मला वाटलं, मी पुण्याचं काम केलं.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी केशव आला. शेठच्या टेबलासमोर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. रुपरावजी घरी पोचले, हाक मारली. गोपिकानं सांगितलं, आई नाही. ते म्हणाले, “खोटं बोलून राहिली तू. वारली असती तर शामलानं सांगितलं असतं. आज तिनं काहीच नाही सांगितलं.” आणि जया रुसून माहेरी गेली असेल म्हणून तसेच बसस्टँडवर गेले, रामटेकची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले. मेव्हण्याचं घर त्यांना आठवलं नव्हतं. गल्लीगल्लीत दार ठोठावून विचारत फिरले होते, पायात चप्पल राहिली नव्हती.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोळे पुसले, आणि रुपरावजींनी आता कामावर येऊ नये असं सांगितलं. ज्या एका गोष्टीसाठी त्या माणसानं हे सगळं सोसलं होतं, ती मी माझ्या दयेपायी एका बटणात घालवली. हे मी आजही कुणी विचारलं तर असंच सांगते, दुसऱ्या शब्दांत नाही.

आठवड्यानं धीर करून मी नंदनवनला गेले. वाटलं होतं गोपिका दारातूनच हाकलेल. तिनं मला आत घेतलं. खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. “काय करू ताई,” ती म्हणाली, “डोळा चुकवून स्टँडवर जातात.”

ते खाटेवर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“आली काय? बरं झालं. हे लोक मले काहीबाही सांगून राहिले. तू सांग वं. जया कुठं हाय?”

गोपिका दारात उभी होती. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

“वारल्या, रुपरावजी. गेल्या साली. काविळीनं.”

त्यांनी एकदाही उलटं विचारलं नाही. तोंडावर पंचा घेतला. मी निघाले तेव्हा गोपिकानं दाराला बाहेरून कडी घातली नाही, आणि मी चपला घालत असताना विचारलं, “उद्या याल काय? तुमचंच पटते त्यायले.”

मी गेले. वखारीतून सुटून रोज गेले, रविवारीसुद्धा. माझी आई ओरडायची, आमची काही ओळख ना देख. थंडी गेली, ऊन तापलं. ते रोज विचारायचे, मी रोज सांगायची. सांगितलं की ते रात्री घरात राहायचे, कडी लागत नसे. एवढंच त्यातून होत होतं.

एप्रिलमध्ये एके दिवशी त्यांनी विचारलंच नाही. मी वाट बघितली. गोपिकानं चहा आणला, तो झाला. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं, विसरले असतील, मग मी गेल्यावर आठवेल आणि रात्री निघतील. म्हणून मीच म्हटलं, “रुपरावजी, जयवंताबाई वारल्या.”

ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर काळजी होती, अगदी खरी, परक्या माणसाबद्दल असते तशी.

“अरेरे,” ते म्हणाले. “कोण होत्या त्या?”

इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं, आणि मी त्यांच्या खाटेच्या कडेला डोकं टेकून रडायला लागले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“तुह्या घरच्या होत्या काय वं?” त्यांनी विचारलं. “रडू नको, माय. आपण काय करू शकतो!”